नेवऱ्याचा ब्राझ आणि रागातला जॅझ

तिसवाडी तालुक्यातल्या नेवरा गावी १९३०च्या दशकात एक मुलगा जन्मला. ब्राझ गोन्साल्विस त्याचं नाव. भारतीय राग सॅक्सोफोनवर आणून त्यातून जॅझ उभा करणाऱ्या पहिल्या मोजक्या वादकांत त्याचं नाव घ्यावं लागतं. मराठी वाचकाला ते ठाऊक असायचं कारण नाही. आपल्याकडे संगीताचा इतिहास घराण्यांचा आणि गायकांचा. हॉटेलात पगारावर वाजवणाऱ्याला त्यात जागा नाही.

पोर्तुगीज अंमलात गोव्यातल्या ख्रिस्ती मुलांना चर्चच्या शाळेत अक्षरओळखीबरोबरच स्वरलिपी शिकवली जाई. आधी स्वर वाचायचे, मग तोंडाने म्हणायचे, मग हातात व्हायोलिन. आपल्याकडे गुरूसमोर वर्षानुवर्षं बसून जे कानात मुरवलं जातं, ते तिथे दहा-बारा वर्षांचं पोर कागदावरून वाचून दाखवी. दोन्ही पद्धतींचे गुण-दोष आहेत, पण नोकरीच्या बाजारात कागद वाचणाऱ्याचा भाव चढा. गोव्यात उद्योगधंदे नव्हते, म्हणून ही पोरं ब्रिटिश हिंदुस्थानात पसरली. संस्थानिकांचे बँड, पोलिसांचे बँड, मूकपटाच्या थिएटरातले वाद्यवृंद, जहाजं, क्लब, हॉटेलं, सगळीकडे गोवेकर. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गावोगावच्या कुडी, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांची राहायची ठिकाणं, होत्या. तिथे ट्रंक ठेवायची आणि काम शोधायला बाहेर पडायचं.

जॅझ त्यांच्यापर्यंत आला तो ताजमहाल हॉटेलातून. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्ड इथेच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने प्रवेश नव्हता, ते इथे साहेबांच्या नाचघरात मानाने वाजवत होते. गोव्याची पोरं त्यांच्या शेजारी बसून शिकली. १९३९ पासून पुढची दोन दशकं ताजचा बँड मिकी कोरिया या गोवेकरानेच चालवला. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगची हुबेहूब याद द्यायचा. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणत.

हुबेहूब याद देणं हीच तेव्हाची थोरवी होती आणि तीच अडचणही. कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड १९४६ साली मसुरीत होते, पारशी सॅक्सोफोनवादक रुडी कॉटनच्या बँडबरोबर. तिथे महात्मा गांधींना भेटल्यावर आपणही जॅझला भारतीय रूप द्यावं असं मनाने घेतलं, असं ते पुढे सांगत. गांधीजी आणि जॅझ ही जोडी ऐकून हसू येतं, पण स्वदेशीचा विचार कुठे कुठे झिरपला होता हे त्यातून कळतं. फर्नांड यांचं ते स्वप्न मात्र हॉटेलात फळलं नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतल्या रात्रीच्या करमणुकीला ओहोटी लागली आणि वादकांचे पाय सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले.

इथे आपल्या ओळखीची माणसं भेटतात. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, पुणतांब्याचे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. आमच्या पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर. म्हणून हा दुवा आम्हाला जरा जवळचा. सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटला हाताशी घेतलं आणि १९४७च्या ‘शहनाई’पासून हिंदी गाण्यात स्विंग आणला. १९५१चा ‘अलबेला’ अमरावतीत जन्मलेल्या भगवानदादांचा. त्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. पुणतांबा, अमरावती आणि हळदोणं एका गाण्यात भेटले आणि देश नाचला. श्रेयनामावलीत मात्र संगीत दिग्दर्शकाचंच नाव. सबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांच्या मागे वाद्यमेळाची भिंत उभी केली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं ते १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात गुंफल्यावर, आणि तेही एका विनोदी पात्राचं नाव म्हणून.

ब्राझ या सगळ्यांच्या पुढच्या पिढीचा. तो चिक चॉकलेटचा जावई झाला; त्याची बायको इव्होन स्वतः गायिका. पण त्याच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा काळ मुंबईपेक्षा कलकत्त्यात गेला. पार्क स्ट्रीटवर तेव्हा ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स अशी रेस्तराँ गजबजलेली असत आणि तिथे रोज संध्याकाळी जिवंत वाद्यसंगीत असे. ब्लू फॉक्समध्ये दार्जिलिंगचा पियानोवादक लुई बँक्स, गायिका पॅम क्रेन आणि ब्राझचा सॅक्सोफोन अशी मैफल जमली. रोज रात्री तीच माणसं एकत्र वाजवतात तेव्हा एकमेकांची चाल अंगवळणी पडते आणि मग प्रयोगाचं धाडस होतं. स्टुडिओत ती सोय नसते. तिथे कागद आला, वाजवला, पाकीट घेतलं, घरी.

राग आणि जॅझ एकत्र आणणं वरवर सोपं वाटतं, कारण दोन्हीत उपज आहे. अडचण वेगळीच आहे. जुन्या जॅझमध्ये खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, बदलत राहतात, दर काही मात्रांनी जमीनच सरकते, आणि वादक त्या सरकत्या जमिनीवर पळत असतो. आपल्या रागात षड्ज हलत नाही. तानपुरा एकच गोष्ट सांगत बसतो आणि गायक तिच्यापासून दूर जाऊन परत येतो. हा पेच अमेरिकेत सुटायला लागला. १९५९ साली माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबायची वाट दाखवली. रविशंकरांची सतार ऐकून भारावलेल्या जॉन कोल्ट्रेनने १९६१ साली ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. १९६६ साली लंडनमध्ये जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कलकत्त्यात जन्मलेला जॉन मेयर यांची ‘इंडो-जॅझ सूट’ आली.

सॅक्सोफोनची घडणही इथे कामी येते. अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसला पेटंट घेतलेलं हे वाद्य अंगाने पितळी, पण जातीने सनईच्या जवळचं. आवाज निघतो तो तोंडाशी लावलेल्या पातळ पट्टीतून. ओठांचा दाब कमी-जास्त केला की स्वर थोडा वर-खाली ओढता येतो. पेटीला जी मींड कधीच साधत नाही, ती इथे थोडीतरी साधते. पण थोडीच, कारण चाव्यांखालची भोकं ठरल्या जागी आहेत.

ब्राझने हे आव्हान घेतलं. १९७०च्या सुमारास त्याच्या सात जणांच्या ताफ्याची ‘राग रॉक’ ही तबकडी आली. तेव्हा ‘राग रॉक’ म्हणजे परदेशी पोरांनी गिटारीच्या गाण्यात सतारीचे दोन झणकार घालायचे, असा अर्थ होता. इथे उलट होतं. वाद्य परदेशी, पण वाजवणारा या मातीतला. १९७८ साली निरंजन झवेरींच्या पुढाकाराने मुंबईत रंगभवनात जॅझ यात्रा भरली. सनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा आला आणि इथल्या वादकांना आपली पातळी त्याच मंचावर जोखता आली. पुढे लुई बँक्सच्या इंडो-जॅझ एन्सेम्बलमध्ये ब्राझ आणि कर्नाटक संगीतातली गायिका रमामणी एकत्र आले. सरगम आणि सॅक्सोफोन यांचा सवाल-जवाब युरोपातल्या श्रोत्यांनीही ऐकला. माझ्या मते ब्राझच्या कामाचं शिखर इथे आहे, कारण इथे राग शोभेपुरता नव्हता; रचनेचा कणाच तो होता.

मग हा माणूस आपल्याकडे गाजला का नाही? कदरी गोपालनाथांशी तुलना केली की उत्तर सापडतं. १९४९ साली जन्मलेले कदरी नागस्वरम वाजवणाऱ्याचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि तोच धरला. वाद्य तेवढं परकं. बाकी कृती, ताल, सभागृह, श्रोते, टीकाकार सगळे कर्नाटक संगीताचे तयारच होते. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग मान डोलावली. १९९४ साली त्यांनी लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात वाजवलं, २००४ साली पद्मश्री मिळाली. ब्राझकडे अशी तयार सभा नव्हती. त्याचे श्रोते जेवायला आलेले असत. सत्तरच्या दशकात करमणूक कर आणि राजकीय अशांतता यांमुळे पार्क स्ट्रीटची रया गेली, तेव्हा त्याची सभाच उठली. जॅझ यात्रा दोन वर्षांतून एकदा भरवून ती उणीव भरून निघणार नव्हती. प्रतिभेची वानवा नव्हती. रोज वाजवायला जागा आणि स्वतःच्या रचनेला पैसे देणारा माणूस, या दोन गोष्टींची होती.

हे मी पांढुर्ण्यात बसून का लिहितो आहे? आमच्याकडे लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट घेऊन जी माणसं चालतात, ती याच साखळीची दुसरी शाखा आहेत. त्यांची बरीचशी वाद्यं मेरठच्या जली कोठीतून येतात. १८८५ साली स्थापन झालेली नादिर अली यांची पेढी तिथलीच. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या बँडवाल्यांवर २००५ साली ‘ब्रास बाजा’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. आपण मात्र त्यांना ऐकतो ते जेवणाची पंगत उठेपर्यंत. गोव्याच्या पोरांना निदान चर्चची शाळा होती. यांना तीही नाही. हंगाम संपला की कुणी संत्र्याच्या बागेत, कुणी नागपूरला मजुरीला.

तुळशीचं लग्न लागलं की सौंसर-पांढुर्ण्यात लग्नसराई सुरू होईल. बँड ठरवताना भावाची घासाघीस अवश्य करा, पण सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचं नाव विचारा, आणि वरातीआधी दहा मिनिटं त्याला त्याच्या मनचं वाजवू द्या. त्या दहा मिनिटांचे पैसे वेगळे द्या.