अंतर्गत सजावट व वास्तुकला व्यवसाय : कायदेशीर सीमारेषा

प्रस्तावना :
सदनिकेच्या नूतनीकरणात अंतर्गत सजावटकार एखादी भिंत काढण्याचा सल्ला देतो, तेव्हा तो देण्याचा अधिकार त्यास कोणी दिला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे निवासी इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. ही घटना लक्षात घेता सदर प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते.

अभिधानाचे संरक्षण :
वास्तुविशारद अधिनियम, १९७२ मधील कलम ३७ अन्वये नोंदणीकृत व्यक्तीखेरीज कोणासही ‘आर्किटेक्ट’ हे अभिधान वापरता येत नाही. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ व ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना त्यातून सूट आहे. ‘इंटिरिअर आर्किटेक्ट’ला नाही. अंतर्गत सजावटकारांसाठी मात्र स्वतंत्र केंद्रीय परवाना कायदाच नाही. व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ वकिलीचा व्यवसायच नोंदणीकृत अधिवक्त्यांपुरता मर्यादित करतो. वास्तुकलेबाबत तसे नाही. नोएडा प्राधिकरणातील पदासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले की, कलम ३७ अभिधानाच्या वापरास मनाई करते; आराखडा व देखरेखीच्या कामास नव्हे.

बांधकामविषयक नियंत्रण :
कामावरील नियंत्रण अन्य कायद्यांत शोधावे लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४३ विकासकामास परवानगी आवश्यक ठरवते. परंतु केवळ अंतर्भागापुरत्या फेरबदलांस सर्वसाधारणपणे त्यातून वगळते. येथे निकष बाह्य स्वरूपाचा आहे, भाराचा नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३४२ मात्र किरकोळ दुरुस्ती वगळता इमारतीतील फेरबदलांची पूर्वसूचना आयुक्तांस देणे बंधनकारक करते. म्हणजेच रंगकाम व फर्निचर एका बाजूस, तर खांब, तुळई व भारवाहक भिंत दुसऱ्या बाजूस येते.

निष्कर्ष :
१९७२ चा अधिनियम नावाचे रक्षण करतो; इमारतीचे रक्षण त्यातून आपोआप होत नाही. भारवाहक घटकास हात लावण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय घेणे, हीच व्यवहारातील खरी सीमारेषा होय. अंतर्गत सजावटीच्या अभ्यासक्रमांत रंगसंगतीइतकेच या कायदेशीर मर्यादांनाही स्थान मिळणे अगत्याचे आहे.