कवन कोणाचे, नाव कोणाचे?

माळव्याचे लोकनाट्य ‘माच’ उज्जैनमध्ये वाढले. गोपाळजी गुरू, बालमुकुंद गुरू, कालूराम उस्ताद अशा रचनाकारांच्या नावांनीच त्याचे खेळ आणि आखाडे ओळखले जातात. या परंपरेतील ओमप्रकाश शर्मा यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. माचाच्या घडणीत तुर्रा आणि कलगी या दोन काव्यपक्षांच्या सवाल-जवाबाचा मोठा वाटा मानला जातो. तुकनगीर आणि शाहअली या दोन प्रतिस्पर्धी कवींना चंदेरीच्या राजाने तुरा व कलगी दिली, अशी आख्यायिका आहे. महाराष्ट्रातही कलगीवाले शक्तीची आणि तुरेवाले शिवाची बाजू घेऊन भिडत. कवनाच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. ही नाममुद्रा म्हणजे कवनावरचा त्याचा हक्क.

हिप-हॉपची बीजे 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पडली. तिथेही शब्दांची झुंज आणि स्वतःच्या नावाचा गजर हाच कलेचा गाभा. मात्र 1979 च्या ‘रॅपर्स डिलाइट’ या पहिल्या मोठ्या यशस्वी रॅप गाण्यातच हक्काचा प्रश्न उभा राहिला. शुगरहिल गँगच्या बिग बँक हँकने ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या ओळी घेतल्या. त्यांत कॅझचे ‘कॅसानोव्हा फ्लाय’ हे जुने टोपणनाव होते, तेही त्याने जसेच्या तसे म्हटले. तबकडीवर मात्र कॅझचे नाव आले नाही. कवीची मुद्रा गाण्यात राहिली, श्रेय दुसऱ्याकडे गेले.

2015 साली रॅपर मीक मिलने रॅपर ड्रेकवर आरोप केला, की त्याच्या ओळी क्वेंटिन मिलर लिहितो. वास्तविक ड्रेकच्या काही गाण्यांच्या श्रेयनामावलीत मिलरचे नाव होते. तरीही वादळ उठले, कारण रॅपर स्वतःचेच जगणे स्वतःच्या शब्दांत मांडतो, हा श्रोत्यांचा विश्वास होता.

या पेचाचे उत्तर मराठी शाहिरीत पेशवाईच्या अखेरीसच सापडते. होनाजी शिलारखाने कवने रचत आणि बाळा करंजकर ती गात. फड ‘होनाजी बाळा’ या जोडनावाने गाजला. लिहिणारा आणि गाणारा वेगळे असण्यात कमीपणा नव्हता, म्हणून कोणाला लपवावेही लागले नाही.

उज्जैनशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या कालिदासाबाबत उलटे घडले. ‘कुमारसंभवा’चे सतरा सर्ग मिळतात, पण मल्लिनाथाची टीका पहिल्या आठांवरच आहे. पुढचे सर्ग बहुतेक अभ्यासक दुसऱ्याच कवीचे मानतात. त्या कवीचे नाव कायमचे हरपले. श्रेय नेहमी मोठ्या नावाकडे ओढले जाते, मग काळ कोणताही असो.

आज मराठीतही रॅप लिहिणारी तरुण पिढी उभी आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम 57 सांगते, की हक्क विकल्यानंतरही कर्ता आपले कर्तेपण सांगू शकतो. हा हक्क बजावण्यासाठी कवीला कोर्टाची पायरी चढावी लागू नये. गाणाऱ्यांनी आणि गाणी काढणाऱ्या कंपन्यांनी गायकाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, लिहिणाऱ्याचे नाव छापावे.