बॉनेट उघडलं तर बॅटरीच गायब! स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी मागे का नेतात, आणि आगीचा धोका नेमका कुठे असतो?

गाड्यांचे रील्स बघणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. एखादी जुनी जपानी स्पोर्ट्स कार उभी आहे. बॉनेट वर जातं. आत भलामोठा टर्बो, जाडजूड पाइप आणि आरशासारखं चमकणारं इंजिन. पण एरवी प्रत्येक गाडीत कोपऱ्यात ठाण मांडून बसलेली ती चौकोनी बॅटरी कुठेच दिसत नाही. कॅमेरा मागे जातो तेव्हा ती सापडते डिकीत, नाहीतर सीटच्या मागे.

अशा व्हिडिओखाली दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे कशासाठी करतात? आणि आपल्या गाडीत करता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असलं, तरी त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बॅटरी मागे गेली की मोठा धोका बॅटरीत नसतो, तिला पुन्हा इंजिनापर्यंत जोडणाऱ्या लांब वायरीत असतो.

बॅटरी मागे नेतात ती कशासाठी?

याची मुख्य कारणं तीन. पहिलं म्हणजे जागा. मोठा टर्बो, इंटरकूलर किंवा हवेचा रुंद पाइप बसवायचा तर बॉनेटखाली एकेक इंच महत्त्वाचा ठरतो.

दुसरं कारण उष्णता. टर्बोच्या शेजारी बसलेली बॅटरी सतत तापते आणि लवकर म्हातारी होते.

तिसरं कारण वजन. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं वजन १२ ते २० किलो असतं. इंजिन पुढे असलेल्या गाडीत पुढच्या चाकांवर आधीच जास्त भार असतो. तो थोडा मागे गेला तर वळणावर गाडी जास्त संतुलित वागते.

हे काही फक्त हौशी लोकांचं खूळ नाही. माझदाने १९८९ मध्ये आणलेल्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये, म्हणजे मियाटामध्ये, बॅटरी कारखान्यातूनच डिकीत बसवलेली होती. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांमध्येही ती डिकीतच असते. पोर्शे ९११ ची गोष्ट उलटी. तिचं इंजिन मागे असल्यामुळे नाक हलकं पडायचं. म्हणून १९६९ ते १९७३ च्या मॉडेल्समध्ये पोर्शेने पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक अशा दोन बॅटऱ्या दिल्या होत्या.

पण फायदा होतो तरी किती?

उदाहरण म्हणून माझदाची आरएक्स-७ घेऊ. हिची तिसरी पिढी १९९१ ते २००२ या काळात बनली. जुळे टर्बो असलेल्या या गाडीच्या बॉनेटखाली जागा कमी आणि उष्णता भरपूर. त्यामुळे अनेक मालक बॅटरी उचलून सीटच्या मागच्या सामानाच्या कप्प्यात बसवतात.

गाडीचं वजन अंदाजे १,२५० किलो धरू. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,४२५ मिलिमीटर आहे. १५ किलोची बॅटरी साधारण दोन मीटर मागे नेली, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे १२ किलो भार मागच्या चाकांवर जातो. गाडीच्या एकूण वजनाच्या हिशेबात हा बदल जेमतेम एक टक्का आहे.

त्यातही ३५ चौरस मिलिमीटर जाडीची पाच मीटर तांब्याची वायर टाकली, तर आवरणासकट तिचंच वजन दोन किलोच्या आसपास जातं.

रेस ट्रॅकवर एक टक्काही मोलाचा असतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मात्र तो जाणवेलच असं नाही. म्हणजे फायदा छोटा आहे, आणि त्यासाठी पत्करलेला धोका किती मोठा आहे ते आता पाहू.

खरा धोका : गाडीच्या पोटातून जाणारी 'जिवंत' वायर

बॅटरी इंजिनाशेजारी असते तेव्हा सेल्फपर्यंतची जाड वायर अगदी आखूड असते. बॅटरी मागे गेली की तीच वायर चार-पाच मीटरची होते. ती डिकीतून निघते, कार्पेटखालून जाते, सीटच्या शेजारून पुढे सरकते आणि पत्र्यातल्या भोकातून इंजिनापर्यंत पोहोचते.

चावी बंद असली तरी या वायरीत वीज असतेच. शिवाय गाडीची अख्खी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. म्हणजे पॉझिटिव्ह वायरीचं आवरण वाटेत कुठेही घासून फाटलं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं, तर थेट शॉर्ट सर्किट.

'बारा व्होल्टला काय घाबरायचं?' असं अनेकांना वाटतं. बारा व्होल्टने झटका बसत नाही हे खरं, पण आग व्होल्टने लागत नाही, ती वाहणाऱ्या करंटमुळे लागते. घरात गिझरच्या सॉकेटमधून १६ अँपिअरच्या आसपास करंट घेता येतो. शॉर्ट झालेली गाडीची बॅटरी काही क्षण हजार अँपिअरच्या घरात करंट देऊ शकते. वायर लालबुंद होते, आवरण पेटतं, शेजारचं कार्पेट पेटतं. आणि वायर पेट्रोलच्या पाइपाला लागून गेलेली असेल, तर पुढचं सांगायलाच नको.

फ्यूज हवाच, आणि तोही बॅटरीजवळ

यावरचा पहिला उपाय म्हणजे मुख्य फ्यूज. तो किती अँपिअरचा आहे याइतकंच तो कुठे बसवला आहे हेही महत्त्वाचं. फ्यूज फक्त त्याच्या पुढच्या वायरीला वाचवतो. तो बॉनेटखाली बसवला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर पडली म्हणून समजा. त्यामुळे फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून जेमतेम वीतभर अंतरावर असावा.

सेल्फ मारताना पेट्रोल गाडी काही क्षण १५० ते २५० अँपिअर करंट खेचू शकते. म्हणून इथे क्षणिक झटका सोसणारे, साधारण २०० ते ३०० अँपिअरचे जाड पट्टीचे फ्यूज वापरतात. नेमका आकडा ठरतो तो सेल्फचा करंट आणि वायरीची क्षमता पाहून. 'फ्यूज सारखा उडतोय' म्हणून वायरीला न पेलणारा मोठा फ्यूज टाकणं म्हणजे फ्यूज न लावण्यासारखंच.

बीएमडब्ल्यूने याच धोक्यावर वेगळा तोडगा काढला. कंपनीच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलमध्येच एक छोटीशी स्फोटक पुडी असते. मोठा अपघात झाला की एअरबॅगच्या यंत्रणेकडून इशारा मिळतो आणि सेल्फकडे जाणारी जाड वायर टर्मिनलपाशीच तुटते. दिवे आणि हॅझर्ड लाइट मात्र चालू राहतात.

वायर किती जाड आणि कुठून न्यायची?

वायर जितकी लांब, तितका तिच्यात व्होल्टेज जास्त पडतो. १६ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर वायरीतून २०० अँपिअर गेले, तर वाटेतच एक व्होल्टच्या वर जातो. ३५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट अर्ध्या व्होल्टवर येते. थंडीत सेल्फ कुंथायला लागला तर हा अर्धा व्होल्टही कामी येतो.

वायर शुद्ध तांब्याचीच हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. ती जाड दिसते आणि स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत करंट कमी पेलते.

वायर नेताना पाळायच्या गोष्टी :

• पत्र्यातल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवं. कापलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते आणि गाडीच्या थरथरीत ती आवरण हळूहळू कापत जाते.

• सायलेन्सरचा पाइप, पेट्रोलचा पाइप आणि सीटच्या सरकत्या पट्ट्या यांच्यापासून वायर लांब ठेवावी.

• वायरीवर वेगळं संरक्षक कव्हर घालावं आणि थोड्याथोड्या अंतरावर ती क्लिपने पक्की करावी. कुठेही लोंबकळता कामा नये.

• टोकाचे लग योग्य प्रेसने दाबून बसवावेत. हातोडीने ठोकून चपटा केलेला लग सैल पडतो आणि तापतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

पॉझिटिव्ह वायरीवर भरपूर खर्च करायचा आणि निगेटिव्ह कुठल्यातरी जवळच्या स्क्रूला अडकवायची, ही नेहमीची चूक. जेवढा करंट पुढे जातो तेवढाच परत यावा लागतो. त्यामुळे निगेटिव्ह वायरही तेवढीच जाड हवी, आणि ती जोडायची जागा रंग खरवडून, पत्रा उघडा करून पक्क्या बोल्टने आवळायला हवी. नंतर तिथे गंज येऊ नये म्हणून वरून ग्रीस किंवा रंगाचा लेप द्यावा.

इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी वेगळी जाड पट्टी लागते. ती पट्टी कमजोर असेल, तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलसारख्या भलत्याच वाटा शोधतो आणि त्या तापतात.

बॅटरीतून निघणाऱ्या वायूचं काय?

चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. बॉनेटखाली तो हवेत उडून जातो. बंद डिकीत किंवा सीटमागे मात्र तो साठू शकतो. हवेतलं हायड्रोजनचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते.

म्हणून पाणी घालायची साधी बॅटरी आत कधीच ठेवू नये. तिथे एजीएम प्रकारची सीलबंद बॅटरी वापरतात. तिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं आणि बहुतेक वायू आतल्या आतच पुन्हा पाण्यात बदलतो. पण 'सीलबंद' म्हणजे कायमची बंद नव्हे. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून बॅटरी जास्त चार्ज झाली, तर एजीएमचा व्हॉल्व्हही उघडतो आणि वायू बाहेर पडतो. म्हणूनच मियाटाच्या डिकीतल्या बॅटरीला वायू गाडीबाहेर सोडणारी नळी दिलेली असते. सीटमागे, म्हणजे माणसांच्या शेजारी बॅटरी ठेवताना तर बंद पेटी आणि बाहेर काढलेली नळी हवीच. गाडीत सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर इंजिन बंद करून बाहेर पडावं.

पंधरा किलोचा दगड नीट बांधलाय ना?

जोरदार टक्कर झाली की गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू पुढे झेपावते. गुरुत्वाकर्षणाच्या २० पट धक्का बसला, तर १५ किलोच्या बॅटरीचा जोर ३०० किलोइतका होतो. प्लास्टिकचे पट्टे किंवा सामान बांधायच्या दोऱ्या तिथे टिकत नाहीत.

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची संस्था एनएचआरए यासाठी धातूची पट्टी आणि गाडीच्या सांगाड्याला आवळलेले किमान दोन ३/८ इंची बोल्ट मागते. चालकाच्या कक्षात बॅटरी ठेवायला तिची परवानगी नाही. डिकीतली बॅटरी आणि माणसं यांच्यात धातूची भिंत हवी, नाहीतर बॅटरी बाहेर नळी काढलेल्या बंद पेटीत हवी, असा तिचा नियम आहे.

कट-ऑफ स्विच : मदतीला आलेल्या माणसासाठी

अपघातानंतर मदतीला धावलेला माणूस सवयीने बॉनेटखाली बॅटरी शोधणार. म्हणून बॅटरी हलवलेल्या गाडीच्या मागच्या टोकाला, बाहेरून हात पोहोचेल असा मुख्य स्विच एनएचआरए सक्तीचा करते. जागतिक मोटरस्पोर्टची संस्था एफआयए अशा स्विचजवळ निळ्या त्रिकोणात लाल वीज हे चिन्ह लावायला सांगते.

इथे एक बारकावा आहे. इंजिन चालू असताना फक्त बॅटरी तोडली, तर अल्टरनेटर वीज बनवत राहतो आणि इंजिन बंदच होत नाही. शिवाय अचानक वाढलेल्या व्होल्टेजने इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. त्यामुळे इग्निशनही तोडणारा आणि अल्टरनेटरला सांभाळणारा, जास्त टर्मिनल असलेला स्विच वापरतात.

स्पोर्ट्स कार नसली तरी हे का माहीत हवं?

डिकीत ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवताना पुढच्या बॅटरीपासून मागेपर्यंत अशीच पॉझिटिव्ह वायर टाकली जाते. दिशा उलटी असली तरी धोका तोच. आपल्या गाडीत असं काम झालं असेल, तर आजच बॉनेट उघडून पाहा. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का? वायर पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट आहे का? नसेल, तर ते काम आधी करून घ्या.

आणि स्पोर्ट्स कारमध्ये हेतू फक्त वजन कमी करण्याचा असेल, तर सोपा मार्गही आहे. मूळ जागीच लहान, हलकी एजीएम बॅटरी बसवली तर नाकावरचं काही किलो वजन कमी होतं आणि लांब वायर ओढावीच लागत नाही. बॅटरी हलवायचीच असेल, तर काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि विमा कंपनीला बदल कळवा. काम करताना निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. त्यामुळे पॉझिटिव्ह खोलताना पाना चुकून बॉडीला लागला, तरी ठिणगी पडत नाही.