मधल्या वेळची भूक आणि वजनाचा काटा

दुपारचा डबा एक वाजता संपतो आणि रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला होते. मध्ये आठ-नऊ तासांची पोकळी. वसई, नालासोपारा, विरारला राहून अंधेरी, दादर किंवा चर्चगेटला नोकरी करणाऱ्या हजारो लोकांचे हेच रोजचे वेळापत्रक आहे. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे साठ किलोमीटरचे. जलद लोकल मिळाली तरी दीड तासाच्या आसपास वेळ जातो, त्यात बहुतेकदा उभ्याने प्रवास. वजन कमी करण्याचा निश्चय सोमवारी सकाळी होतो आणि संध्याकाळी स्टेशनाबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी मोडतो. मग माणूस स्वतःच्या मनोनिग्रहाला दोष देतो. दोष खरे तर मनापेक्षा त्या आठ तासांच्या पोकळीचा अधिक असतो.

दोनदा की दर दोन तासांनी?

मधल्या वेळी खावे की नाही, यावर मराठी घरांत गेली काही वर्षे जोरदार वाद झडतो आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवला. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे आणि मध्ये काही खायचे नाही. प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करायच्या, हा त्यामागचा युक्तिवाद. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला लोकप्रिय केला. एकाच घरात सासूबाई ‘दीक्षित’ आणि सूनबाई ‘दिवेकर’, असे चित्र अनेक ठिकाणी दिसले.

कॅनडातील ओटावा विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग या संदर्भात बोलका आहे. वजन जास्त असलेल्या सोळा जणांना आठ आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला गेला. एका गटाने दिवसात तीन वेळा खाल्ले, दुसऱ्याने तीन जेवणे आणि तीन मधली खाणी असे सहा वेळा. दोन्ही गटांचे एकूण उष्मांक बेताने सारखेच कमी केलेले होते. शेवटी वजन घटण्यात फरक आढळला नाही. वारंवार खाल्ल्याने चयापचय वाढतो आणि चरबी जळते, या समजाला त्यातून पुष्टी मिळाली नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, एकूण खाणे आटोक्यात राहत असेल तर दोन्ही वाटांनी वजन उतरू शकते. प्रश्न आहे तो कोणती वाट आपल्या दिवसात बसते, हा. दोनदाच जेवणारा माणूस रात्री दहाला घरी पोहोचून दुप्पट जेवत असेल, तर हिशेब फसतो. दर दोन तासांनी खाणारा प्रत्येक वेळी फरसाण तोंडात टाकत असेल, तरीही फसतोच.

ही भूक खोटी नसते

पोट रिकामे झाले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि मेंदूला भुकेचा निरोप देते. नेहमीच्या जेवणवेळेच्या आधी त्याची पातळी वाढते. म्हणजे शरीराला वेळेची सवय लागते. रोज सातला काही खाल्ले की सातच्या सुमारास पोट आठवण करून देऊ लागते.

यात झोपेची भर पडते. पहाटे साडेचार-पाचला उठून डबे भरायचे, रात्री अकरा-बाराला पाठ टेकायची, हे या पट्ट्यात, विशेषतः नोकरदार बायकांच्या बाबतीत, सर्रास दिसते. शिकागो विद्यापीठातील २००४ च्या अभ्यासात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले. दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत त्यांच्यातील घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि पोट भरल्याचे सांगणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढही वाढली. अपुऱ्या झोपेनंतर संध्याकाळी भेळ किंवा समोसा समोर आला की हात का आवरत नाही, त्याचे एक कारण इथे सापडते.

हिशेब कुठे चुकतो?

वजन हळूहळू उतरवण्यासाठी रोजच्या आहारातून साधारण ५०० उष्मांक कमी करावेत, असे सांगितले जाते. एका वडापावात आकारानुसार अंदाजे ३०० उष्मांक असतात. सोबत साखरेचे दोन चहा धरले तर आकडा ३८० च्या घरात जातो. दिवसभर पोळी मोजून खाल्ली, भात सोडला, त्यातून जे वाचले त्यातला मोठा भाग पाच मिनिटांत परत येतो. आणि घरी गेल्यावर जेवण असतेच.

न मोजलेले खाणे यापेक्षाही फसवे. गाडीत ग्रुपमधल्या कुणाचा तरी वाढदिवस, कुणी आणलेली बर्फी, फेरीवाल्याची चिक्की, स्वयंपाक करताना बरणीतून घेतलेली शेव. पन्नास ग्रॅम शेव-फरसाण म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास उष्मांक. त्याने पोट भरल्यासारखेही वाटत नाही.

‘डाएट चिवडा’, ‘मल्टिग्रेन’ बिस्किटे यांच्या नावावर विसंबणेही चुकीचे. पाकिटाच्या मागचे उष्मांक, साखर आणि तेलाचे आकडे पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. अमेरिकेतील केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये वीस जणांवर केलेल्या प्रयोगात, अतिप्रक्रिया केलेले अन्न मिळत असताना लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत साखर, मेद, तंतू यांचे प्रमाण जुळवलेले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभाही सारखीच होती.

गाडी पकडण्याआधी खा

भूक टाळता येत नसेल तर तिची वेळ आणि तिचे खाणे आधीच ठरवून ठेवावे. ऑफिसमधून निघण्यापूर्वी, पाच-साडेपाचच्या सुमारास, दीडशे-दोनशे उष्मांकांचे खाणे झाले तर स्टेशनाबाहेर उतरताना माणूस भुकेने वखवखलेला नसतो. रात्रीचे जेवणही आपोआप बेताचे होते.

या खाण्यात प्रथिने आणि तंतू असावेत. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, फुटाण्यांत सुमारे ११० उष्मांक आणि सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्याच शेंगदाण्यांत १७० उष्मांक असतात, म्हणून शेंगदाणे पौष्टिक असले तरी मूठ एकच. उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी, काकडी-गाजर, पातळ ताक, एखादे फळ यांतले जे डब्यात मावेल ते. सकाळच्या घाईत दुसरा छोटा डबा भरणे जड जात असेल, तर फुटाण्यांची बरणी ऑफिसच्या खणात ठेवता येते.

वसईच्या पट्ट्याला फळभाज्यांची उणीव नाही. उन्हाळ्यातले ताडगोळे, पावसाच्या तोंडावरची जांभळे, बाराही महिने मिळणारी केळी हे मधल्या वेळचे उत्तम खाणे आहे. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी मात्र जपून खावीत. त्यांत वरून साखर घातलेली नसते, हे खरे, पण वाळवल्यावर पाणी उडून जाते आणि केळ्यातली साखर लहान आकारात एकवटते. एखादे चवीने खावे, अख्खा पुडा नको.

वडापाव कायमचा सोडण्याची प्रतिज्ञा सहसा टिकत नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवून, एकच, तोही बसून खाल्ला तर वजनाच्या एकूण हिशेबाला धक्का लागत नाही. त्या दिवशी रात्री डाळ आणि भाजी पुरते.

बारीक दिसणाऱ्यांसाठीही

हा विषय केवळ कपड्यांच्या मापाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर सडपातळ दिसूनही आत, विशेषतः पोटाभोवती, चरबी साठवते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि पोटाचा लठ्ठपणा जवळपास ४० टक्के लोकांत आहे.

एवढे सांभाळा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा कमी करू नयेत. खचाखच भरलेल्या डब्यात घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. अशांनी खिशात तीन चमचे ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवावी, लक्षणे जाणवताच खावी आणि सोबतच्या प्रवाशाला सांगावे. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयाच्या मुलांनी उपासमार करून वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये.

इतरांनी सुरुवात एका आठवड्याच्या नोंदीने करावी. संध्याकाळी चार ते रात्री दहा या वेळेत तोंडात गेलेला प्रत्येक घास मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा, काही सोडायचे नाही. सातव्या दिवशी ती यादी वाचली की आपल्याला नेमके काय कमी करायचे आहे, हे बहुतेकांना दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही.