खेळातली साथ, खरा धडा

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या तलवारी-जादूच्या ऑनलाइन खेळात ‘अलायन्स’ आणि ‘होर्ड’ हे दोन गट कायम लढत असतात. सप्टेंबर २००५मध्ये मात्र दोन्ही गटांवर एकच संकट आले. हक्कार या नव्या शत्रूशी लढताना जवळच्यांना लागणारा ‘दूषित रक्ता’चा शाप त्या लढाईपुरताच असायला हवा होता. पण तो पाळीव प्राण्यांबरोबर शहरांत पोहोचला. नवखे खेळाडू पटापट मरू लागले. संगणकाने चालवलेली पात्रे लक्षणे नसलेल्या वाहकांसारखी रोग पसरवत राहिली. विलगीकरणाचे प्रयत्न फसले. अखेर कंपनीला खेळातच बदल करावा लागला.

एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये या घटनेचे महत्त्व मांडले. कोणी धोका पत्करून इतरांवर उपचार केले, कोणी पळताना रोग सोबत नेला, कोणी तो मुद्दाम पसरवला, तर कोणी निव्वळ कुतूहलापोटी बघायला गेले. साथीच्या गणितात हे कुतूहल बसवणे अवघड असते. खेळात मेलेला पुन्हा उठतो, म्हणून ही तुलना मर्यादितच. तरीही साथ किती पसरणार, हे रोगजंतूइतकेच माणसांच्या वागण्यावरही ठरते.