शेतांतील यंत्राची लहानशी कार्यप्रणाली

विहिरीवरील पंप चालू-बंद करणारीं, ठिबकाच्या झडपा वेळेवर उघडणारीं व जमिनीची ओल मोजणारीं यंत्रें आतां बागायतदारांच्या परिचयाचीं झालीं आहेत. अशा यंत्राच्या पेटींत एक छोटा संगणक असतो. त्यास चालविणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ती कशी बांधिली आहे हें न विचारतां यंत्र घेणें म्हणजे दांत न पाहतां बैल घेण्यासारखें होय.

घरच्या संगणकाची प्रणाली शेंकडों कामांसाठीं सज्ज असते; लहान पेटीस तो भार पेलत नाहीं. लिंक्सिसच्या ज्या डब्ल्यूआरटी-५४जी उपकरणावरून २००४ सालीं ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली निघाली, त्याच्या पहिल्या आवृत्तींत कायमची साठवण अवघी ४ मेगाबाइट व कामाची स्मृति १६ मेगाबाइट होती. एवढ्या जागेंत पीक घ्यावयाचें तर तण काढलेंच पाहिजे.

रीत अशी. लहान संगणकाची प्रणाली मोठ्या संगणकावर तयार करितात. प्रथम लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या लिनक्सचा गाभा घेऊन, आपल्या बोर्डास लागणारे तेवढेच चालक ठेवावे. नंतर बिझीबॉक्स घ्यावा. त्यांत शेंकडों लहान हत्यारें एकाच फाइलींत गुंफिलेलीं असतात. शेवटीं पंपाची आज्ञावली जोडावी. निवडीची यादी एकदां लिहून दिली कीं बिल्डरूट नांवाचें साधन हें सर्व जुळवून देतें. लिनक्सहि न मावणाऱ्या चिपेंत २००३ सालीं निघालेली फ्रीआरटीओएस चालते.

खरी परीक्षा वीज जाण्याची. लिहिणें चालू असतां वीज गेली तर साठवण बिघडून पेटी सुरूच न होण्याचा संभव असतो, व भर उन्हाळ्यांत पीक करपतें. यास्तव मूळ प्रणाली केवळ वाचतां येईल अशी ठेवावी, नवी आवृत्ति घालतांना जुनी शाबूत राखावी, आणि यंत्र अडकल्यास तें आपोआप पुन्हां सुरू करणारें पहारेकरी घड्याळ जोडावें.

लिनक्सचा गाभा व बिझीबॉक्स यांची मूळ संहिता ग्राहकास देण्याचें बंधन विक्रेत्यावर परवान्यानेंच आहे. पंपाच्या आज्ञावलीस मात्र तें आपोआप लागू होत नाहीं. म्हणून खरेदीपूर्वीं तीन प्रश्न विचारावे. वीज मध्येंच गेल्यास काय होतें? नवी आवृत्ति बिघडल्यास जुनी परत येते काय? सर्व संहिता व निवडीची यादी देण्याचें करारांत लिहून मिळेल काय? विक्रेत्यानें उद्यां दुकान मोडलें, तरी हीं कागदपत्रें हातीं असल्यास दुसरा जाणकार पेटी सुधारूं शकेल. नसल्यास ती भंगारांतच जाईल.