उलटीपूर्वीच्या खुणा

मुलांनो, तुम्ही एस.टी.ने घाटातून प्रवास केला असेल. गाडी वळणे घेऊ लागली, की बरोबरचा एखादा मुलगा एकदम गप्प होतो. त्याचा चेहरा उतरतो. तो सारखा आवंढा गिळू लागतो. मग शेजारची एखादी जाणती बाई म्हणते, "अहो, याला उलटी होणार. पिशवी द्या." तिला हे आधीच कसे कळले? उलटी होण्यापूर्वी आपले शरीर काही खुणा दाखवते. त्या खुणा आज आपण समजून घेऊ.

पहिली खूण म्हणजे मळमळ. उर्दूत आपण 'जी मतलाना' म्हणतो, तेच हे मळमळणे. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कसेतरीच होते. जेवणाचा वासही नकोसा वाटतो.

दुसरी खूण म्हणजे तोंडात पाणी येणे. आवडीचा पदार्थ पाहिला की तोंडाला पाणी सुटते, हे तुम्हांला ठाऊक आहे. येथे मात्र लाळेचे काम निराळे असते. जठरात अन्न पचवणारे तीव्र आम्ल असते. ते वर आले, तर दातांना व घशाला त्रास होतो. लाळेमुळे या आम्लाची तीव्रता कमी होते. म्हणून तोंडात एकाएकी पातळ लाळ भरू लागली, तर उलटी जवळ आली असे समजावे.

तिसरी खूण चेहऱ्यावर दिसते. त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे चेहरा पांढराफटक पडतो. कपाळावर घाम येतो. पण अंग गार लागते. छाती धडधडते. काहींना जांभया येतात, तर काहींना चक्कर येते.

शेवटची खूण म्हणजे उमासे. पोटाचे स्नायू आणि श्वासपटल एकाच वेळी जोराने आवळले जातात. पण बाहेर काही पडत नाही. असे झाले, की वेळ फारच थोडा उरलेला असतो. नंतर हेच स्नायू जठराला दाबतात आणि अन्न तोंडावाटे बाहेर येते. त्या क्षणी श्वासनलिकेचे दार मिटते, म्हणून अन्न फुप्फुसांत जात नाही.

हे सारे कोण घडवून आणतो? आपला मेंदू! मेंदूच्या अगदी खालच्या भागाला लंबमज्जा म्हणतात. पोटात खराब अन्न गेले किंवा रक्तात विषारी पदार्थ मिसळला, की तेथे संदेश पोहोचतो. कानाच्या आतील भागातूनही तेथे संदेश जातो. गाडीत तुम्ही पुस्तक वाचत असता, तेव्हा डोळे सांगतात, "आपण स्थिर आहोत." कान सांगतो, "आपण हलत आहोत." या गोंधळामुळे मळमळते. ड्रायव्हरला पुढचे वळण आधीच दिसते, म्हणून त्याला सहसा हा त्रास होत नाही. तुम्हीही गाडीत पुस्तक मिटून दूरवर समोर पाहा.

या खुणा ओळखल्या, तर काय करावे? प्रथम, लाजू नका. अम्मी-अब्बांना, शिक्षकांना किंवा कंडक्टरला लगेच सांगा. वर्गात असाल, तर परवानगीसाठी थांबून राहू नका. एखाद्या सोबत्याला उलटी झाली, तर हसू नका. त्याला पाणी द्या.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. चालत्या गाडीच्या खिडकीतून डोके मुळीच बाहेर काढू नका. असे करताना दुसऱ्या वाहनाची धडक बसून माणसे दगावली आहेत. पहिली खूण दिसताच पिशवी हातात घ्या, म्हणजे ऐन वेळी डोके बाहेर काढावे लागणार नाही.

उलटी होताना पुढे वाकून बसा. आजारी माणूस गुंगीत असेल, तर त्याला उताणे ठेवू नका, कुशीवर वळवा. उलटी झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. दात मात्र लगेच घासू नका, कारण आम्लाने दातांचे आवरण मऊ झालेले असते. थोड्या वेळाने घोट घोट पाणी प्या. 1 लीटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घेतले, तर अधिक चांगले.

उलटीत रक्त दिसले, डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली किंवा पाणीही पोटात टिकेना, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. कोणी रॉकेल किंवा ॲसिड प्यायले असेल, तर त्याला मुद्दाम उलटी करायला लावू नये. त्यामुळे अधिक इजा होते. त्याला तसेच दवाखान्यात न्यावे.

मुलांनो, शरीर असे आधी कळवते, तेव्हा आपल्याला तयारीला बहुधा काही मिनिटे मिळतात. ती वाया घालवू नका. हे सारे आपल्या लहान भावंडांनाही सांगा.